एका तुळशीची बारा घरं

रिकामं घर भरलेलं दाखवण्यात माझ्या साडूचा हात धरील असा माणूस अख्ख्या झाडीपट्टीत सापडायचा नाही. हे मी छाती फुगवून सांगतो, आणि सांगताना जरा इकडेतिकडे बघतो, कारण त्या पापात मीही वाटेकरी आहे. हा गृहस्थ पूर्वी झाडीपट्टीतल्या नाटकांत पडदे आणि सामान सांभाळायचा. दोन खुर्च्या आणि एका झुंबरात राजवाडा उभा करायचा. पुढे ब्रह्मपुरीत एका बिल्डरने लिफ्टची इमारत बांधली आणि तिचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकून फ्लॅट खपवायचं काम याच्याकडे दिलं. राहायला तिथलाच एक फ्लॅटही दिला. बाकीचे अकरा रिकामे होते. "बिल्डिंग नका म्हनू, भाऊ," तो मला बजावायचा, "कम्युनिटी म्हना." त्या कम्युनिटीत तेव्हा माणसं दोनच. एक हा आणि दुसरी याची बायको, म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण.

तिचे मात्र हाल होते. गावात तिच्या घरची भाजीची वाटी भिंतीवरून शेजारी जायची आणि भरूनच परत यायची. इथे दार उघडलं की समोर कुलूप. रोज दुपारी ती गडचिरोलीला माझ्या बायकोला फोन लावायची आणि तासभर सोडायची नाही. एक दिवस तिने नवऱ्याला निक्षून सांगितलं, "पोळ्यापर्यंत शेजार नाई आला त मी गावी चालली. भितीसंग किती बोलू?" साडू एरवी कुणाच्या मयतीला गेला तरी उजेड कुठून येतो ते आधी पाहणारा, पण त्या दिवशी त्याने मोबाईल खाली ठेवला. बायकोवर त्याचा फार जीव.

मग काय, त्याने नाटकच उभं केलं! प्रत्येक कुलपाबाहेर चपलांचे जोड मांडले, आणि लोकांना संशय नको म्हणून दर आठवड्याला त्यांची अदलाबदल चालू ठेवली. बाल्कन्यांत आमचेच टॉवेल वाळू लागले. तुळशीची कुंडी होती एकच. ती काखेत मारून हा मजले चढायचा, म्हणजे एकाच तुळशीने बारा घरांत संसार केला. रविवारी आम्हा नवराबायकोला गडचिरोलीहून एसटीने बोलावणं यायचं. माझी बायको दुसऱ्या मजल्यावर प्राध्यापक आणि चौथ्यावर बँकेची मॅनेजर. मी कायमचा डॉक्टर. नाटकाच्या पेटीतला स्टेथोस्कोप माझ्या गळ्यात घालून साडू ओरडायचा, "भाऊ, पेशंट मेल्यावानी काऊन उभे राह्यले? वाचला समजून हासा ना जरा!" उन्हाळ्यात त्याने गच्चीवर पापडांचा फोटो काढला. बहिणी दोघीच, पण लुगडी बदलून बदलून पाच बायका झाल्या. पाचजणी एका फोटोत कशा बसवल्या ते मला अजून कळलेलं नाही. त्या फोटोवर लोकांनी बदामांचा पाऊस पाडला, घर घ्यायला मात्र कुणी फिरकलं नाही.

पोळा पंधरा दिवसांवर आला. मेव्हणीने गावी जायची पेटी काढून पुसून ठेवली होती. त्याच रविवारी, मी डॉक्टरच्या वेषात जिन्यात उभा असताना, गोंडपिपरीचे एक निवृत्त मास्तर सपत्नीक हजर झाले. मुलं परगावी, दोघांना सोबतीची जागा हवी होती. मास्तरांनी मला पाहिलं आणि थेट मनगटच पुढे केलं. "डॉक्टरसायेब, हिचं सोडा, पन माह्या बीपीपायी तुमच्याजवळच राहावं म्हनतो." आता आली का पंचाईत! मी नाडी धरली. माझीच जास्त जोरात उडत होती.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "पापड करनाऱ्या त्या बाया कुठी हायेत? मी त त्यायच्यासाठीच आली."

साडूने 'गावी गेल्यात' एवढी एक थाप मारली असती तर फ्लॅट खपला असता आणि मेव्हणीची पेटीही माळ्यावर गेली असती. पण बोलली ती मेव्हणीच. "बाई, बाया नाईत. मी एकटीच हावो इथी. हे माह्ये भाऊजी, डॉक्टर नाई, हापिसात बाबू हायेत."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मास्तरीणबाईंनी दारादारापुढच्या चपलांवरून नजर फिरवली. "मंग ह्या येवढ्या चपला कोनं मांडल्या?"

"यायनं."

"कोनासाठी?"

मेव्हणीने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे पाहत होता. "माह्यासाठी," ती म्हणाली.

समोरच्या दाराजवळचा तो खोटा जोड मास्तरीणबाईंनी पायानेच बाजूला सारला आणि आपल्या चपला काढून तिथे ठेवल्या. "ह्या राहू द्या इथीच," त्या म्हणाल्या. "कुलूप खोला."

त्यांच्या ओळखीने आणखी घरं आली. आता दारादारांत तुळशी आहेत. मास्तर मला पाहिलं की अजून मुद्दाम मनगट पुढे करतात, आणि मीही जीभ पाहून घेतो. साडू मात्र कुरकुरतो. "खरी मानसं एका जागी उभीच नाई राहत, भाऊ. फोटो काढाचा कसा?" पण खालून बायकांचा कलकलाट आला की कान देऊन ऐकत बसतो, मोबाईल खिशातच राहतो.

आम्हाला रविवारचं बोलावणं येत नाही. मेव्हणीला सवड कुठली! दुपारी जेवणं आटोपली की माझी बायको पदराला हात पुसत फोनजवळ येऊन बसते. तासभर तशीच बसते. मग उठता उठता म्हणते, "बरं झालं बाई, रमली एकदाची." आणि फोन उचलून, वाजायचा बंद तर झाला नाही ना, ते एकदा पाहून घेते.