चपलांची राखण

डोळा लागतोय हे मला कळतंय. हरिहरेश्वरच्या देवळामागे, जिथून प्रदक्षिणेच्या पायऱ्या दोन कड्यांमधून खाली समुद्राकडे उतरतात, तिथल्या कट्ट्यावर मी बसले आहे. समोर घरच्या सगळ्यांच्या चपला. ऊन पाठीवर आलंय, खालून लाटांचा आवाज येतोय आणि त्यातच अधूनमधून माझ्या नवऱ्याचा. "अक्का, आणखी काय हवं गं तुला?"

अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. लग्न केलं नाही, जन्मभर आमच्यातच राहिल्या. आज त्यांचं दहावं. खाली खडकावर पिंड ठेवलाय आणि कावळा शिवत नाही.

कावळे नाहीत असं नाही. कड्यावर ओळीनं बसलेत, पिंडाकडे बघतात आणि मान फिरवतात. पानावर वन्संच्या आवडीचं सगळं वाढलंय, आलं घातलेला कपभर चहासुद्धा. ह्यांनी त्यांच्या तुळशीला रोज पाणी घालायचा शब्द दिला. आमच्या हेमंतनं आत्याच्या नावानं शाळेला काहीतरी द्यायचं कबूल केलं. सूनबाईंनी, वृषालीनं, चैत्रातलं हळदीकुंकू अंगावर घेतलं, जे ती हौसेनंही कधी करत नाही. मग सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. एका स्वयंपाकघरात चाळीस वर्षं काढलेल्या आम्ही दोघी. काय राहिलं ते मला नाही तर कुणाला ठाऊक असणार? आणि मला ठाऊक नव्हतं. माझ्यामुळेच काहीतरी अडलंय असं त्यांना वाटतंय आणि खरं सांगायचं तर मलाही. 'वर चपलांपाशी कुणीच नाही' असं म्हणून मी उठून आले.

भरती चढली की तो खडक पाण्याखाली जातो. भटजी मघापासून घड्याळ बघतायत. आणखी थोडा वेळ वाट बघून ते दर्भाचा कावळा करतील, तो पिंडाला लावतील आणि आम्ही घरी जाऊ. पण काय राहिलं हा प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी येईल आणि माझ्या स्वयंपाकघरात मुक्काम ठोकेल.

मी डोळे मिटते. मिटल्यावरही चपला दिसतातच.

"सरक जरा," वन्सं म्हणतात.

मी सरकते. त्या शेजारी बसतात. अंगाला नेहमीचा अमृतांजनाचा वास आहे. त्या वाकून चपलांकडे बघतात आणि त्यांच्या कपाळाला आठी पडते.

"जोड्या चुकवल्यास सगळ्या. हेमंतची उजवी बघ कुठे गेलीय."

"तुमच्यासारखं नाही जमत मला."

"जमायला बसावं लागतं, शरयू." असं म्हणून त्या एकेक जोडी तोंडाला तोंड लावून मांडायला लागतात. ही त्यांची पद्धत. घरात लग्न झालं की आमच्याकडे देवदेव असतं. आधी गावदेवी, मग कुलस्वामिनी, शेवटी हरिहरेश्वर आणि त्याचाही शेवट म्हणजे ओहोटी साधून अनवाणी घातलेली ही समुद्राकडची प्रदक्षिणा. प्रत्येक ठिकाणी वन्सं बाहेर बसायच्या. "तुम्ही व्हा पुढे, मी बसते." देवळातली घंटा वाजण्याआधी आम्ही हे वाक्य ऐकायचो.

कट्टा आता आमच्या महाडच्या घरातला ओटा झालाय. पायऱ्या तिथेच आहेत, मोरीच्या शेजारून खाली उतरतायत, आणि खालून खारा वारा येतोय. मला त्यात काही वावगं वाटत नाही. ओटाभर चपला मांडल्यात. हेमंतचा लहानपणचा, चालताना वाजणारा लाल बूट. त्याच्या लग्नातली मोजडी. आणि एक जुना कोल्हापुरी जोड, अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला.

"ह्या मामंजींच्या ना?"

"हो, बाबांच्या. पलीकडच्या आईच्या."

"पण ते दोघं तर कधीच..."

"खाली गेलेत," वन्सं म्हणतात. "वर आले की मागतील. जागेवर नसल्या तर बोलणी मलाच."

एक कावळा येऊन ओट्याच्या कडेवर बसतो. कुरडयांवरून हाकलायच्या तशा वन्सं पदरानं त्याला हाकलतात. तो पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन बसतो, खाली बघतो, पुन्हा वर येतो.

"त्याला जाऊ द्या ना खाली. सगळे खोळंबलेत."

"चपलांपाशी फिरकू द्यायचा नाही त्याला. एखादी उचलून नेली म्हणजे?"

"वन्सं, तुमचं काय राहिलं? सगळे मला विचारतायत."

"सगळ्यांना तुळस बरी आठवली," त्या हसतात. "मला कुठे कौतुक होतं तुळशीचं? आईची होती म्हणून पाणी घालत होते."

आम्ही कुलस्वामिनीच्या देवळाबाहेर बसलोय. दार लावलेलं आहे. आत आरती चालू आहे, हेमंतचा आवाज ओळखू येतो, मामंजींचाही. मला एकाएकी वन्संचा राग येतो.

"मी विचारलं होतं तुम्हाला," मी म्हणते. "हेमंतच्या लग्नानंतर आलो तेव्हा. तुम्ही जा, मी बसते, असं म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस. चपला काढता काढता."

"मग मला बसवून निघून जायचं होतं."

"उठ म्हणायला कुणीतरी लागतं गं. आपलं आपणच उठलं की बरं दिसत नाही."

आरती थांबते. दार उघडत नाही. खाली पाणी वाढल्याचा आवाज येतो, आधी दूर आणि मग अगदी आमच्या पायांखाली. मी वन्संच्या पायांकडे बघते. पायांत त्यांच्या हिरव्या पट्ट्याच्या चपला आहेत, डाव्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली. ती पिन मीच लावून दिली होती. आणि त्या चपला मीच तिसऱ्या दिवशी गादीबरोबर घंटागाडीत टाकल्या होत्या.

"ह्या तर मी..."

"कळलं मला. शोधून आणल्या."

मला भीती वाटते. तिच्याबरोबरच रडूही येतं. ही बाई मला फार आवडायची. भांडणं झाली, अबोला झाला, तरी आवडायची. हे मी कुणाला बोलले नाही आणि त्यांना तर नाहीच नाही. आता बोलावंसं वाटतं, पण तोंडून भलतंच निघतं.

"वन्सं, उठा. मी बसते."

त्यांचा हात जोडीवरच थांबतो.

"नक्की?"

"उठा म्हणते ना."

"मग तुला कोण उठवणार?"

"त्याचं बघू नंतर."

त्या उठतात. गुडघ्यावर हात न ठेवता उठतात. चपला काढतात आणि माझ्यापुढे तोंडाला तोंड लावून ठेवतात.

"मी येईपर्यंत हलू नकोस," त्या बजावतात. "भरती असो की काही असो."

पायऱ्या उतरताना त्या मागे वळून बघत नाहीत. दोन्ही हात मोकळे आहेत. त्यांचे हात असे मोकळे मी कधी पाहिले नव्हते. कावळा त्यांच्या डोक्यावरून खाली झेपावतो. खालच्या पायऱ्यांवर पाणी आलेलं आहे. ते त्यांच्या घोट्यांना लागतं, मग पोटऱ्यांना, आणि मग नुसत्या पायऱ्याच दिसतात.

"आई."

हेमंत समोर उभा आहे. पाठीवर ऊन आहे, मान अवघडली आहे, आणि मी देवळामागच्या कट्ट्यावर आहे.

"शिवला," तो म्हणतो. "भटजींनी दर्भ हातात घेतलाच होता. एकदम कुठूनसा आला आणि सरळ पिंडावरच बसला."

"मी तुळशीचं पुन्हा एकदा सांगितलं तिला," हे धापा टाकत वर येतात. चेहरा उजळलेला आहे.

सगळे भराभर चपला घालतात. "अरे वा, लावून ठेवल्यात छान," वृषाली म्हणते. जोड्या तोंडाला तोंड लावून मांडलेल्या आहेत. हेमंतच्या जातात, वृषालीच्या, ह्यांच्या, भटजींच्या. माझ्या माझ्या पायांतच आहेत. कट्ट्यासमोर तरीही एक जोडी उरते, हिरव्या पट्ट्याची.

"ह्या कुणाच्या राहिल्या?" हेमंत विचारतो. वृषालीला पिन दिसते आणि ती माझ्या तोंडाकडे बघते. हे बघतच नाहीत, ते केव्हाच देवळाच्या दिशेनं चालायला लागलेत.

मी वाकते. डावी चप्पल उचलते, पट्ट्याखाली बोटं घालते. आत्ता पायांतून काढल्यासारखी ऊब आहे.

"आई, चल ना," हेमंत म्हणतो. "दर्शन घेऊन निघू."

मी चप्पल पुन्हा जोडीला लावून ठेवते. खाली पहिल्या पायरीपर्यंत पाणी आलंय.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणते. "मी बसते."