सावलीत बसून लागलेलं ऊन

खरं सांगू? असले अनुभव मी आजवर वाचत आले ते चहाबरोबर टिंगल करायला. "लिहिणाऱ्याला वेळ बराच दिसतोय," हा माझा ठरलेला शेरा. घरात कुणाची दृष्ट काढायला घेतली तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. तेव्हा आता हसायची पाळी तुमची... हसा. पण पूर्ण वाचून मग हसा.

माझी पीएचडी शहरातल्या मोकळ्या जागांवर. ऊन दरवर्षी वाढतंय, भरतीचं पाणी रस्त्यावर येतंय — अशा दिवसांत लोक बागा, कट्टे, किनारे कसे वापरतात, कुठे बसतात, कधी उठून जातात, हा विषय. मी निवडलेली जागा उरणची. शहर संपतं तिथे समुद्राच्या अंगाला एक फरसबंद चौक आहे. समोर पाणी, मागे रस्ता, रस्त्यापलीकडे कंटेनरचे ट्रेलर उभे राहतात ते मैदान. छप्पर नाही, झाड नाही. मे महिन्यात दुपारी तिथे अनवाणी उभं राहून दाखवा!

आणि तरीही लोक तिथे बसायचे. भर दुपारी, आरामात. मी खूश होते, कारण "एवढ्या उन्हात लोक इथेच का बसतात?" हा प्रश्न थीसिसला पुरून उरेल असा होता. काम साधं होतं. चौकाचा नकाशा छापलेला, आणि दर अर्ध्या तासाने जो जिथे बसलाय तिथे एक ठिपका द्यायचा. महिनाभर मी रस्त्याकडेला छत्री धरून ठिपके देत होते. नाकाची सालं निघाली.

तिथे रोज येणारी जनाबाय. सुकी मासळी विकून झाली की पाटी बाजूला ठेवून फरशीवर लवंडायची. मला बघून रोज हाक मारायची, "गो बाय, उनान कशाला उबी? इकरं ये, सावलीन बस." मला वाटायचं, बोलायची पद्धत असेल. शेजारी एक ट्रेलरवाला गमछा तोंडावर घेऊन घोरत असायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, गाडी में भट्टी है. यहाँ हवा है ना." त्याच्या पायाशी एक तपकिरी कुत्रं, तेही गाढ झोपलेलं. मी दोन-तीनदा बसून पाहिलं. फरशीने भाजलं, म्हणून उठले. तापमान मोजायचं यंत्र लावलं, तर त्यांच्याजवळ आणि माझ्याजवळ सारखाच आकडा.

आता मृणालबद्दल सांगायला हवं. आमचे गाइड एकच. सर तिला "मृणाल" म्हणतात आणि मला आडनावाने. तिचे पेपर छापून येतात, माझे "सुधारून पाठवा" म्हणून परत येतात. दिसायला छान, वर स्वभावाने चांगली — म्हणजे नावं ठेवायलाही जागा नाही. नागपूरची असल्यामुळे "हे काय ऊन आहे?" असं हसून म्हणणारी. सरांनी तिला एक दिवस माझं काम बघायला पाठवलं, तेव्हाच माझं डोकं सणकलं होतं.

ती आली. माझे नकाशे ट्रेसिंग पेपरवर होते, ते तिने एकावर एक ठेवून उजेडाकडे धरले. उसाचा रस संपायच्या आत म्हणाली, "अगं... ही सावली आहे."

सकाळचे ठिपके सगळे समुद्राच्या बाजूला. दुपारी ते गोल गोळा होतात. संध्याकाळी तोच गोल रस्त्याकडे सरकतो आणि लांबट होतो. मधोमध एक रिकामी जागा, जिथे महिनाभरात एकदाही कुणी बसलेलं नाही... झाडाच्या खोडाएवढी.

माझ्या पोटात दुखलं. सरळच सांगते. महिनाभर उन्हात मी करपले, आणि शोध लागला हिला, तोही रस पिता पिता.

आम्ही जनाबायला विचारलं, इथे झाड होतं का? "व्हता ना. मोठी उंडी व्हती. वादलान परली, मंग फरशी टाकली." मग तुम्ही सावली कशाला म्हणता? तिने वेड्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं, फरशीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मंग हा कं हाय?"

"सवय," मी मृणालला म्हटलं. "झाड गेलं तरी लोकांचं अंग जुन्या जागी जातं." पण बोलतानाच मला कळत होतं की हे टिकत नाही. ट्रेलरवाला पंधरवड्यापूर्वी उत्तर प्रदेशातून आलेला. झाड पडलं तेव्हा ते कुत्रं जन्मलंही नसेल.

तेवढ्यात मृणाल जनाबायच्या शेजारी जाऊन बसली. तिने डोळे मिटले आणि ओढणी अंगाभोवती लपेटून घेतली. "किती गार आहे गं इथे! आणि हा वास कसला?"

"फुलांचा," जनाबाय म्हणाली. "उंडी फुलली का येतो."

मला वाटलं, नाटक करतेय. मी जाऊन तिच्या दंडाला हात लावला. दंड माठासारखा गार होता... आणि त्यावर काटा आला होता. नाटकाने अंगावर काटा आणता येत नाही.

मी तिला अगदी चिकटून बसले. आता उठायचंच नाही, असं ठरवलं. जागा माझी, विषय माझा. या सगळ्यांना जे मिळतंय ते मला मिळाल्याशिवाय हलायचं नाही. थीसिस गेला चुलीत. उन्हाने डोकं ठणकायला लागलं, जीभ कोरडी पडली, फरशीचे चटके बसत होते, आणि शेजारी त्या दोघी थंडीच्या दिवसांत गप्पा मारतात तशा गप्पा मारत होत्या. जनाबायने माझ्यासाठी थोडं सरकून जागाही केली. मग डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धीवर आले तेव्हा जनाबाय तोंडावर पाणी मारत होती आणि मृणालचा हात माझ्या कपाळावर होता. तो अजून गार होता. तो तिने काढू नये असं वाटत होतं, आणि त्याच क्षणी झटकून टाकावा असंही वाटत होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की ऊन लागलंय. जनाबाय दाराशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, "सावलीन बसून ऊन कसा लागला हिला?"

थीसिसमध्ये मी "जुनी सवय" असंच लिहिलं. दुसरं काय लिहिणार? व्हायवाला त्या नकाशांचं फार कौतुक झालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी सहज विचारलं, "तुम्ही स्वतः तिथे बसला असालच. कसं वाटलं?"

"ऊन लागलं, सर," मी म्हटलं.

सगळी खोली हसली, सरसुद्धा. मागच्या खुर्चीवर बसलेली मृणाल तेवढी हसली नाही. बाहेर आल्यावर तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "रविवारी उरणला जाऊ? जनाबायला पेढे देऊ. किती दिवसांत तिथे बसले नाहीये गं." मी काम आहे म्हणून सांगितलं. काम काही नव्हतं. ती डोळे मिटून ओढणी लपेटून घेणार, आणि ते मला बघवणार नाही. ती एकटी जाऊन आली.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. भास म्हणाल तर तो गार दंड मी या हाताने पाहिलाय, आणि ऊन लागल्याचा डॉक्टरांचा कागदही आहे. पण मला छळतं ते दुसरंच. एवढ्याशा त्या सावलीत जनाबाय मावली, परक्या मुलखातला ड्रायव्हर मावला, एका दिवसाची पाहुणी मृणाल मावली... कुत्रंसुद्धा मावलं. मग मीच का नाही?