नाक वर, तोंड बंद

आत्याचं आयुष्य शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात गेलं. कुणी पायडल दोनदा मारलं की शटल घासतंय की पट्टा सैल झालाय, हे ती पाठमोरी सांगायची. दुकान बंद केल्यावर तो कान विमानांच्या कामी आला. कारखान्याच्या भिंतीमागच्या माळावर सुट्टीच्या दिवशी हौशी मंडळी रिमोटवरची छोटी विमानं उडवायला जमत, आणि त्यांचं मुठीएवढं इंजिन आत्याने कानाने जुळवून दिल्याशिवाय कुणी विमान सोडत नसे.

तिचा नियम एकच: नाक वर, तोंड बंद. विमान हातात उभं धरून आवाज तपासताना कुणी चकार शब्द काढायचा नाही. एकदा त्या मंडळींतले ड्रायव्हरकाका नुसते खोकले, तर तिने त्यांना पार रस्त्यापर्यंत पिटाळलं होतं.

आज पाळी भाचीच्या विमानाची. पंखाची एकेक फासळी तिने हाताने कापलेली, आत्याच्याच जुन्या टेबलावर, अख्खा हिवाळा. चढतीवर इंजिन बंद पडलं तर त्या हिवाळ्याचा भुगा होणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. भाचीला ठाऊक नव्हतं ते एवढंच की आत्याला हल्ली दारावरची घंटा ऐकू येत नाही. जाड आवाज पोचायचे. बारीक वाटेतच गळायचे.

इंजिन फुरफुरून सुरू झालं. भाचीने शेपटीकडून विमान धरलं. आत्या पंख्याच्या मागच्या बाजूने वाकली आणि कार्बुरेटरची सुई आत फिरवू लागली. सुई आत गेली की इंधन कमी, आवाज चढा. तो टोकाला पोचला की सुई जराशी मागे घ्यायची. त्या जराशावर इंजिन हवेत तग धरतं; नाहीतर नाक वर होताच इंधन अपुरं पडून आवाज पडतो.

आवाज चढला. आणखी चढला. मग तिच्या कानात नुसती गुणगुण उरली. टोक आलं की यायचंय? आत्याने सुई आणखी एक खाच फिरवली. मग आणखी एक.

"आत्या, झालं ना?" भाचीने ओरडून विचारलं.

"तू मला शिकव आता." अंदाजानेच तिने सुई किंचित मागे घेतली. "धर वर."

भाचीने विमानाचं नाक आभाळाकडे केलं. सगळे गप्प. आत्याने मान तिरकी केली, नेहमीसारखी, हुबेहूब. कानात काही नव्हतं. मग तिची नजर धुराड्याच्या नळीवर गेली. इंधन पुरेसं असलं की तिथे धुराचा पांढरा धागा दिसतो; आता काहीच नव्हतं. भाचीच्या कपाळाला आठी. ड्रायव्हरकाका आपल्याच बुटांकडे बघत होते. सगळ्यांना ऐकू येत होतं, आणि तिच्याच नियमाने सगळ्यांच्या तोंडाला कुलूप घातलं होतं.

'झालं, सोडा' म्हणायचा अवकाश, अब्रू शाबूत. विमान पडलंच तर वाऱ्यावर ढकलता आलं असतं.

"खाली घे," आत्या म्हणाली. "आवाज पडत होता का गं?"

भाचीने ड्रायव्हरकाकांकडे पाहिलं.

"मला वरचे, बारीक आवाज ऐकू येत नाहीत आता. बोला."

"चांगलाच पडत होता," ड्रायव्हरकाका म्हणाले. "पण परत रस्त्यापर्यंत चालायची माझी तयारी नव्हती."

भाची हसली नाही. "कधीपासून, आत्या?"

"ते घरी विचार. इंजिन तापलंय. मी सुई उघडते, तू आवाज सांग."

"उतरतोय... अजून... आता भरडा झाला."

"भरडाच बरा. धर वर."

नाक पुन्हा वर गेलं. नळीतून पांढरा धागा निघाला. "किंचित चढला," भाची म्हणाली. "टिकलाय. टिकलाय, आत्या."

मग भाचीने रिमोट हातात घेतला आणि ड्रायव्हरकाकांनी विमान हाताने सोडलं. भिंतीवरून ते जवळजवळ उभंच चढलं. सवयीने सगळे चिडीचूप. आत्याला धुराचा धागा दिसत होता. बाकी आभाळ मुकं.

"अरे, बोला की कुणीतरी," ती म्हणाली.