प्रज्ञाताईंच्या गाडीतला लाल दिवा

प्रज्ञाताईंच्या वडिलांचा, आबांचा फोन सकाळी आला. "प्रज्ञा गयी रे भाऊ," एवढंच म्हणाले. पंधरा दिवसांपूर्वी काविळीचं निमित्त होऊन प्रज्ञाताई जळगावच्या दवाखान्यात गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. चाळिशीही गाठली नव्हती. आणि संध्याकाळपर्यंत आमच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, 'वेगाचा आणखी एक बळी.' खाली हात जोडलेल्यांची रांग. बाई कशानं गेली, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. त्यांची गाडी तर महिनाभर माझ्या नशिराबादच्या गॅरेजात कव्हर घालून उभी होती!

ताई पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. धुळ्याकडच्या खेड्यातली मुलगी. आबा आयुष्यभर बस चालवत आलेले. ताईंची गाडी छोटी डिझेल, पण मोठा टर्बो बसवून इंजिनाची ताकद जवळजवळ दीडपट केलेली. आठवडाभर कॉलेज आणि सुट्टीला धुळ्याजवळच्या माळावर मातीतल्या शर्यती. टर्बो बसवल्यावर तीन महिन्यांत क्लच जळाला तेव्हा गाडी माझ्याकडे आली. मी प्लेट हातात घेऊन शहाणपणानं म्हणालो, "मॅडम, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता. लेडीजना सवयच असते." हे लिहिताना आज माझीच मला चीड येते. पण तेव्हा बोललो, आणि गॅरेजातली पोरं हसली, तेही मला आवडलं.

ताईंनी पुन्हा कंपनीचाच क्लच बसवून घेतला आणि आठवड्यानं आल्या. डॅशबोर्डवर हरभऱ्याएवढा लाल दिवा लावलेला होता, त्याची वायर क्लचच्या पेडलपर्यंत गेलेली. पेडलला पाय नुसता टेकला तरी दिवा लागायचा. "बसा," म्हणाल्या. बोदवडपर्यंत गेलो. दिवा गिअर बदलताना लागे आणि लगेच विझे. मग मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडायला लागलं, गाडीचा वेग मात्र तिथेच. दिवा विझलेला. "पाय कुठे आहे माझा?" त्यांनी विचारलं. डावा पाय खाली मॅटवर होता. वाढवलेली ताकद कंपनीच्या क्लचला पेलतच नव्हती, तो सरकत होता, सरकून सरकून जळत होता. मेकॅनिक मी, आणि हे मला एका मास्तरीणबाईनं दाखवावं लागलं.

मग क्लच निवडायला आम्ही जळगावच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याकडे बघून बोलत होता. शेवटी म्हणाला, "मिस्टरांना पाठवा ना ताई, त्यांना समजावतो."

"गाडी माझी आहे," ताई म्हणाल्या. "पेडल पण मलाच दाबायचंय. मला समजवा."

त्यानं लाल रंग फासलेला 'रेसिंग' क्लच पुढे केला. ताईंनी तो उलटापालटा करून परत ठेवला. मग सिरॅमिकच्या सहा तुकड्यांचा. पकड जबरदस्त, पण गर्दीत गाडी धक्के खात चालणार आणि ज्या चाकावर क्लच घासतो ते फ्लायव्हील खरवडून काढणार. "मला सोमवारी कॉलेजलाही जायचंय," त्या म्हणाल्या. त्यांना पूर्ण गोल लायनिंगची, धक्के शोषायला मधे स्प्रिंगा असलेली प्लेट हवी होती, आणि ती दाबून धरणारी, इंजिनाच्या ताकदीहून पाव हिस्सा जास्त पेलणारी प्रेशर प्लेट. त्याहून जास्त नाही. "उगाच दगडासारखं पेडल कशाला? गुडघा माझा आहे." सोबत नवं बेअरिंग घेतलं, फ्लायव्हील घासून सपाट करून घेतलं. नवा क्लच नीट बसावा म्हणून पहिला महिना एकदाही गाडी ताणली नाही. गेल्या दिवाळीत, चार वर्षांनी, मी गिअरबॉक्स उतरवला तेव्हा ती प्लेट निम्मीसुद्धा झिजली नव्हती.

तरी माळावर कुणाचाही क्लच जळाल्याचा वास आला की माना ताईंच्या गाडीकडे वळायच्या. आता त्या गेल्यावरही तेच. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना झाल्यावर, आबांनी गाडी विकायचं काम माझ्यावर सोपवलं. म्हणाले, "जो येस तो पहिले क्लचनं इचारस. मन्ही पोर कशी व्हती, हाई कोनीच इचारत नही." आणि क्लचवरून ताईंना पहिल्यांदा बोलणारा मीच होतो.

गेल्या रविवारी एक गिऱ्हाईक आलं. गाडी आवडली. "पण बाईंनी चालवलेली ना... क्लच गेला असणार," म्हणाला. मी किल्ली त्याच्या हातात दिली आणि शेजारी बसलो. हायवेवर टॉप गिअर पडला. दिवा लागलेलाच. एक किलोमीटर गेलं, दोन गेले, दिवा लागलेलाच.

"वायर शॉर्ट झालीय वाटतं," तो म्हणाला.

"वायर चांगली आहे. डावा पाय खाली ठेवा."

त्यानं पाय काढला. दिवा विझला. आम्ही परत आलो. गॅरेजच्या दारात गाडी थांबवून, तो म्हणाला, "सांगितलेल्या भावाला मी तयार आहे. फक्त तेवढा तो दिवा काढून द्या."

मी हात पुढे केला आणि किल्ली परत मागून घेतली.