आठवड्याच्या सह्या

कासवाचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. पोलिसांच्या पाण्यातल्या शोधपथकात तो पाणबुड्या होता आणि मी काठावर त्याचा दोर धरायचो. एकवीस वर्षं धरला. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो. तळाला पालथं पडून हातांनी चाचपत पुढे सरकायचं. तो वीतभर जागा सोडत नसे, म्हणून हे नाव पडलं. दोराला एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे सैल सोड, तीन म्हणजे सापडलं, चार म्हणजे वर ओढ.

पाचला येऊन तो सिलिंडर, मास्क, पट्टे स्वतः तपासायचा. त्यात तास जायचा. म्हणून हजेरीवहीतल्या ‘प्रकृती ठीक’ या रकान्यात आठवड्याच्या सह्या तो सोमवारीच ठोकून मोकळा व्हायचा. आम्ही सगळेच तसं करायचो.

त्या गुरुवारी त्याला सर्दी होती. नाक चोंदलेलं असलं की कानातला दाब सुटत नाही, तेव्हा खाली जायचं नाही, असा नियम. त्याने माझ्यासमोर साहेबांना सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी कोर्टाची तारीख होती आणि गुन्ह्यात वापरून खाणीच्या पाण्यात फेकलेला चाकू हवा होता.

“कासवाला कधी सर्दी होते का रे?” साहेब म्हणाले.

सगळे हसले. तोही हसला आणि उतरला.

खाली जातानाच कानात काहीतरी फाटलं. तरी गरगरत्या डोक्याने तो पन्नास मिनिटं चाचपत राहिला. मग तीन हिसके आले, लगेच चार. वर काढला तेव्हा मुठीत चाकू होता आणि उजव्या कानातून रक्त येत होतं. तो कान गेला, डावा अर्धामुर्धा राहिला. साहेबांचा फोटो छापून आला. पुढे तपासणीत निघालं की तो चाकू त्या गुन्ह्यातला नव्हताच.

कामावर इजा झाली म्हणून त्याने भरपाईचा अर्ज केला. चौकशीला बसलेल्या अधिकाऱ्याने वही उघडून गुरुवारच्या सहीवर बोट ठेवलं. सर्दीचं साहेबांना आठवत नव्हतं. मी पुढे होऊन सांगितलं, सह्या सोमवारच्या आहेत, आम्ही सगळे तशाच करतो.

“म्हणजे तुमच्याही खोट्याच?” अधिकारी म्हणाला. “मग तुमच्या साक्षीचं मी काय करू?”

अर्ज फेटाळला गेला.

घरी वहिनी त्याला हाक मारत नाहीत, बाही ओढतात. एक हिसका चहाला, दोन जेवायला. “चार दिले की समजायचं, मी चिडलेय,” त्या मला म्हणाल्या.

निवृत्तीचे पैसे आले, त्यातून त्याने डाव्या कानाचं यंत्र घेतलं. दुकानात मी सोबत होतो. दुकानदाराने सहीसाठी पावती पुढे केली. कासवाने ती वरपासून खालपर्यंत वाचली, तारीख पाहिली, भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून घेतली, आणि मग सही केली.