दारात कुणी उभं राहणार नाही

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एक यादी केली होती. ती माझ्या हातून झाली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला फार शहाणी समजणार नाही.

आमच्या कंपनीचा वार्षिक मेळावा बेंगळुरात, बनशंकरीतल्या एका कल्याण मंटपात, लग्नाचा हॉल भाड्यानं घेऊन व्हायचा. दारात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायला कारखान्यातल्या बारा बायका लागायच्या. मी पर्सोनेल खात्यात नवी होते. तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं, "जरा बऱ्या दिसणाऱ्या निवडा." मी निवडून बारा नावांची यादी केली. सगळ्यांना एका रंगाच्या साड्या दिल्या. त्या तीन तास उभ्या राहिल्या. अधिकारी आणि त्यांची कुटुंबं पुढच्या खुर्च्यांवर बसली. बायका जेवायला बसल्या तेव्हा गोडाचं पायस संपलं होतं.

त्यांच्यात वाइंडिंग खात्यातली सगळ्यांत जुनी बाई होती. सगळे तिला अक्का म्हणायचे, मीही म्हणायचे. महिन्याभरानं ती रजेचा अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि कन्नडमध्ये म्हणाली, "मेळाव्याला आलेली माझी मुलगी विचारत होती, अम्मा, कंपनीत तू हेच काम करतेस का?"

तक्रारीचा सूर नव्हता. अर्ज दिला आणि गेली.

अक्का विजेच्या मीटरमधल्या कॉइल करायची. केसाहून बारीक तांब्याची तार, ती न तोडता हजारो वेढे घ्यायचे. नवीन आलेल्या मुलींना सहा-सहा महिने जमत नसे. हे मला ठाऊक होतं, तिच्या मुलीला नव्हतं, आणि याला मीही कारण होते.

पुढच्या वर्षी नवे साहेब आले, पुण्याचे. देशात नव्या कंपन्या येऊ लागल्या होत्या, आमची शिकलेली माणसं नोकरी सोडून कोरमंगलाकडच्या नव्या ऑफिसांत जात होती, म्हणून माणसं टिकवायला मालकांनी या साहेबांना मुद्दाम आणलं होतं. मी मराठी बोलते म्हटल्यावर ते खूश झाले. आम्ही चार पिढ्या बेंगळुरात, वडिलांचं चिकपेटेत साड्यांचं दुकान, त्यामुळे माझ्या बोलण्यात "बरं"ऐवजी "सरी" आणि "जरा थांबा"ऐवजी "स्वल्प थांबा" यायचंच. "तुमची मराठी गमतीची आहे हं," ते म्हणाले.

मेळाव्याच्या दीड महिना आधी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"लोकांना आपलेपणा वाटला पाहिजे," ते म्हणाले. "वन फॅमिली. या वर्षी ऑर्केस्ट्रा आणू. आणि रिसेप्शनला वीस बायका ठेवा, सगळ्यांना सारख्या साड्या. साड्या तुमच्या वडिलांच्या दुकानातूनच घेऊ."

"बायका दारात उभ्या राहणार नाहीत," मी म्हणाले.

हे मी ठरवून गेले नव्हते. तोंडातून गेलं, आणि गेल्यावर ते मला पटलं.

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"त्यांना विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. तेवढा एक प्रश्न त्यांनी बरोबर विचारला, हे मान्य केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी वाइंडिंगच्या बायकांमध्ये जाऊन बसले. मला वाटलं होतं, सगळ्या माझी पाठ थोपटतील. एक तरुण मुलगी म्हणाली, "साडी मिळते ना, मग कशाला नको? तुमच्या घरी दुकान आहे, तुम्हाला काय." दोघीतिघींनी माना डोलावल्या. तीही खोटं बोलत नव्हती.

मग अक्कानं डबा बंद केला. "साडी नाही मिळाली तर चालेल मला," ती म्हणाली. "मला सासूबाईंना माझं टेबल दाखवायचंय. अठरा वर्षं झाली. त्यांना वाटतं मी इथे झाडू मारते."

सगळ्या हसल्या, आणि मग एकेक जण बोलायला लागली. कुणाच्या नवऱ्यानं कारखान्याचं फाटक ओलांडलं नव्हतं. कुणाच्या आईला वाटायचं, पोर दिवसभर पंख्याखाली बसून असते. ती साडी मागणारी मुलगीसुद्धा म्हणाली, "माझ्या अप्पांना आणीन मी."

मी साहेबांना लेखी सुचवलं: मेळाव्याच्या दिवशी आधी दोन तास घरच्यांना कारखाना दाखवायचा, ज्यानं त्यानं आपल्या यंत्रापाशी उभं राहून. साहेबांनी कागद वाचला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला.

"लहान मुलं मशीनमध्ये हात घालतील. आणि तुम्ही ऑफिसर आहात, युनियन लीडर नाही. आपल्या माणसानं आपल्या माणसाला अडचणीत आणू नये."

"कारखान्यातलीच माझी आपली माणसं आहेत, साहेब."

त्यांच्या कपाळावर आठी पडली. आठवड्याभरानं विचारलं, तर कागद अजून ड्रॉवरमध्येच होता. तेव्हा अक्कानं कन्नडमध्ये दुसरा अर्ज लिहिला, खात्यातल्या सगळ्यांनी सह्या केल्या, आणि तो मी साहेबांना ओलांडून थेट मालकांकडे नेला. नियमात बसत नव्हतं हे मला कळत होतं. तरी जिना चढले.

मालक म्हातारे होते. स्वतः एका यंत्रावर कॉइल गुंडाळत त्यांनी धंदा सुरू केला होता. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "हाताच्या यंत्रावर करून दाखवणार ना? मग यंत्रांच्या मोटारी बंद ठेवा, म्हणजे मुलांना धोका नाही. दोन तास. मीही येतो."

घरी सांगितल्यावर वडील जेवता जेवता थांबले. वीस साड्यांची ऑर्डर मीच घालवली होती. "दुसऱ्याच्या अब्रूसाठी बापाचं गिऱ्हाईक घालवलंस," ते म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले, पण दुकानाविषयी नाही.

मेळाव्याच्या दिवशी कारखान्याच्या फाटकातून माणसं आत आली, ती देवळात शिरावीत तशी दबकत. पुरुष कामगारही आपापल्या लेथपाशी बायकामुलांना घेऊन उभे होते, पण माझं लक्ष वाइंडिंगकडे होतं. अक्काची सासू नऊवार नेसलेली, ठेंगणी, काठी टेकत आली. अक्का स्टुलावर बसली, भिंगाचा दिवा ओढला, तार लावली आणि हातानं यंत्र फिरवायला लागली. सासूनं आधी तार शोधली. तिला ती दिसेना. मग भिंगातून बघितलं.

"एवढं बारीक दिसतं तुला?" ती म्हणाली.

"दिसतं."

"मग तांदळातले खडे कसे राहतात?"

"ते घरी आल्यावर, अत्ते. दिवसभर हे बघून डोळे थकतात."

म्हातारीनं पुन्हा एकदा भिंगातून बघितलं. मग तिनं स्वतःहून बाजूच्या टेबलावरच्या बाईला सांगितलं, "ही माझी सून." ती बाई रोज अक्काच्या शेजारीच बसायची.

आजीबरोबर आलेल्या अक्काच्या मुलीनं आईच्या स्टुलावर बसून एक वेढा घेतला आणि तार तोडली. अक्का रागावली नाही. तिनं टोकं पुन्हा जोडून दाखवली.

तिथून बसनं सगळे कल्याण मंटपात आले. दारात कुणी नव्हतं. गुलाबपाण्याची झारी टेबलावर ठेवली होती, ज्याला हवं त्यानं शिंपडून घ्यावं. वाइंडिंगच्या बायका बसमधून सगळ्यांत आधी उतरल्या आणि घरच्यांसह थेट पहिल्या दोन रांगांत बसल्या.

साहेब माझ्यापाशी आले. "या खुर्च्या ऑफिसर्सच्या आहेत. त्यांना उठवा."

"तुम्हीच सांगा," मी म्हणाले.

ते रांगेपर्यंत गेले. अक्काच्या सासूनं त्यांना हात जोडून नमस्कार केला. ते उलट नमस्कार करून परत आले आणि मागे जाऊन बसले.

सोमवारी माझ्या टेबलावर खुलासा मागणारं पत्र होतं: वरिष्ठांना डावलून मालकांकडे का गेलात. मी उत्तर दिलं, जे झालं ते सगळं लिहिलं, फक्त दिलगिरीचा शब्द घातला नाही. महिन्याभरात माझी बदली टाइम ऑफिसात झाली. माणसं किती वाजता आली आणि गेली एवढंच बघायचं काम. माझ्यानंतर लागलेल्या दोघांना बढती मिळाली. ती तरुण मुलगी मला पुढे कितीतरी दिवस टाळत होती, कारण तिचे अप्पा आले नव्हते आणि साडीही गेली होती. तिचा राग मी कधी खोडून काढला नाही.

मालक गेल्यावर कारखाना दाखवणं बंद पडलं. पण दारात बायका उभ्या करायचा विषय कुणी पुन्हा काढला नाही, निदान मी होते तोवर. साहेब पुण्याला परत जाताना निरोपाच्या चहाला मला म्हणाले, "तुम्ही जरा ॲडजस्ट केलं असतं तर आज माझ्या खुर्चीत असता."

"असते," मी म्हणाले. "सरी. पण मग ती यादी पुन्हा मलाच करावी लागली असती."

आणि चहाचा दुसरा कप घेतला.