कलत्या चिंचेचं मागचं मूळ

अकोल्याच्या वानखडे गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या अमरावतीच्या अंगणात, रॉकेलच्या डब्यापुढे उकिडवे बसलेले. डब्यात वीतभर उंचीची चिंच होती, एका अंगाला कललेली. गुरुजी शाळेत बागकाम शिकवीत. त्यांना आणि माझ्या यजमानांना कुंडीत छाटून ठेंगण्या राखलेल्या झाडांचं सारखंच वेड.

पुढे यजमान गेले. त्यांनी रोवलेल्या काठीला दोरीने बांधलेली ती चिंच मागे राहिली. त्यांच्या हातचं तेवढंच जिवंत उरलं होतं. डबा गंजून फुटू लागला, तेव्हा मी घाबरून गुरुजींना निरोप धाडला.

आषाढात ते पसरट कुंडी घेऊन एसटीने आले. दोरीला हात लावताच मी म्हणाले, "गुरुजी, ते गाठ त्यायनं मारली आहे."

"वहिनी, काठी आहे तवर हे झाड मूळ रोवत नाही."

मग त्यांनी खोडाभोवतीचा दोरीचा वेढा तेवढा उलगडला, काठी उपटली आणि गाठीसकट माझ्या हाती दिली.

"मधोमध लावा, तुळशीसारखं," मी सुचवलं.

ते हसले. "तुळस सरळ उभी राहते. हे कलते तिकडं कुंडीत अंगण मोकळं पायजे, नाही तर पाहणाऱ्याचाच जीव घाबरते." त्यांनी खोड कुंडीच्या मध्यापासून थोडं मागे बसवलं. कलाखालची मुळं आखूड केली आणि उलट्या बाजूचं जाड मूळ कडेपर्यंत पसरलं. "कमरेवर भरली घागर घेतली का दुसरा हात कुठं जाते?"

"बाहेर."

"मंग हे मूळ म्हणजे तो हात."

आठवड्याभरात सगळी पानं गळाली. येणारेजाणारे म्हणत, फुटेल हो. गुरुजी मात्र रविवारी आले, नखाने साल खरवडली आणि म्हणाले, "आत हिरवं आहे. पण भेव मलेही वाटून राहिलं." खोटा धीर त्यांनी कधी कोणाला दिला नाही. पानं गळाल्यापासून त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली. पुढच्या प्रत्येक रविवारी ते येत, कुंडीपुढे बसत आणि चहा घेऊन परत जात. श्रावण सरता सरता कलत्या शेंड्याला तांबूस कोंब आला. तेव्हा ते चहा प्यायला विसरले.

आज चिंच काठीशिवाय उभी आहे. वारा सुटला की मी अजून उठून पाहते.

गुरुजींच्या साठीनिमित्त हे लिहिते आहे, पण मन स्वस्थ नाही. परवा आले तेव्हा ते आमच्या पायरीवर दम घ्यायला थांबले. मग म्हणाले, "आता कात्री तुमी धरा, वहिनी." मी धरली नाही. या झाडाची मुळं दर दुसऱ्या पावसाळ्याला छाटावी लागतात. कात्रीला मी धार लावून ठेवीन, कुंडी उन्हातून काढीन, चहाचं आधण ठेवीन. छाटायला मात्र गुरुजींनीच यावं, या पावसाळ्यात आणि पुढच्या कितीतरी पावसाळ्यांत, पायरीवर न थांबता.